जस्ताचा धूर

इन्क्युबेटरमधून काढलेली काचेची बशी चारुशीलानं खिडकीच्या उजेडात धरली.

बशीतल्या अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, काल तिनं जंतू पसरले होते. आज त्यांचा पिवळसर थर सायीसारखा धरला होता. त्या थरात तीन खळगे होते आणि खळग्यांत तीन पांढऱ्या भुकट्या. तिन्ही झिंक ऑक्साइडच्या, म्हणजे जळलेल्या जस्ताच्या. फरक होता तो कणांच्या बारीकपणाचा. जाडसर भुकटीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. मलमात घालतात त्या भुकटीभोवती नखाच्या कडेएवढी जागा मोकळी होती. तिसऱ्या भुकटीभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. तिथं एकही जंतू वाढला नव्हता.

ही तिसरी भुकटी कुठल्या औषधाच्या दुकानातली नव्हती. चारुशीलाचा मोठा भाऊ शालिकराम इतवारीत ताराचंदच्या कारखान्यात पितळ ओतायचा. वितळलेल्या तांब्यात जस्त टाकलं की थोडं जस्त पेट घेतं आणि दाट पांढरा धूर निघतो. तो धूर भट्टीवरच्या आढ्याला, जाळ्याजळमटांना कापसासारखा लटकून राहतो. दिवाळीच्या सुमारास शालिकरामनं त्याचा एक डबा भरून बहिणीला आणून दिला होता. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा सुटा कण दिसत नव्हता, इतका तो बारीक होता. कण जितका लहान तितका तो जंतूंना जास्त जाचतो, असा चारुशीलाचा कयास होता. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता शिकवता ती बरेच दिवस याच कामाच्या मागे होती.

पण कयास खरा ठरल्याचा आनंद तिला झाला नाही. बशीतले जंतू तिच्या आईच्या पायातले होते.

आई तुळजाबाईंचं सगळं आयुष्य हातमागावर गेलं होतं. नवरा वारल्यावरही त्यांनी माग सोडला नव्हता. गेल्या पाच-सात वर्षांत मागाचं काम आटलं, शालिकराम भट्टीवर गेला, चारुशीला शिकून नोकरीला लागली आणि आईला घेऊन नंदनवन वस्तीत राहायला आली. तिथंच अंगणात फुटक्या फरशीनं तुळजाबाईंच्या अंगठ्याला लागलं. साखरेचा आजार आधीपासून होता. जखम भरली नाही, चिघळली. धंतोलीत डॉक्टर वझलवारांच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. पेनिसिलिन झालं, दुसऱ्या गोळ्या झाल्या, मुंबईहून मागवलेली इंजेक्शनं झाली. पू वाहायचा थांबत नव्हता. डॉक्टरांनी तो तपासायला चारुशीलाकडेच दिला होता. तिनं आपल्या टेबलावर एकेक औषध त्या जंतूंवर लावून पाहिलं आणि सगळीच हात टेकताना पाहिली. मग, कोणी सांगितलं नसताना, तिनं जस्ताची भुकटी लावून पाहिली.

"चारू, हे काय आहे वं?"

तिनं वळून पाहिलं. शालिकराम दारात उभा होता. आईचा जेवणाचा डबा पोचवायला दोघांनी बरोबर जायचं ठरलं होतं. तो जवळ आला आणि बशीत वाकून पाहू लागला.

"हे माह्या भट्टीवरचं आहे न? हे गोलातलं?"

"हो."

"अन् हे पिवळं?"

चारुशीलाला खोटं बोलता आलं नाही. "आईच्या पायातले जंतू आहेत."

शालिकरामनं बशी उजेडाकडे कलती करून तो स्वच्छ गोल पाहिला. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर उमटलेली आशा पाहून चारुशीलानं बशी पटकन झाकून ठेवली.

दवाखान्यात डॉक्टर वझलवार त्यांची वाटच पाहत होते. दोघांना आईच्या खोलीतून बाहेर व्हरांड्यात आणून ते हळू आवाजात म्हणाले, "दोन बोटं काळी पडलीत. उद्याचा दिवस वाट बघू. काळेपणा वर सरकला, तर परवा सकाळी घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. त्याहून उशीर केला तर विष रक्तात भिनेल आणि मग पायाचा प्रश्नच राहणार नाही."

शालिकरामनं चारुशीलाकडे पाहिलं.  डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले तसा तो तिला जिन्याकडे ओढतच घेऊन गेला.

"तू काहून चूप राहिली? सांगितलं काहून नाई त्यायले?"

"काय सांगू?"

"तुह्या बशीत मेले न ते? माह्या डोळ्यानं पाहिलं मी."

"दादा, बशीत मेले म्हणून पायात मरतात असं नसते. बशीत रक्त नाई, पू नाई, सडलेलं मांस नाई. अन् तुह्या भट्टीवरच्या त्या भुकटीत नुसतं जस्त आहे का? तुम्ही जुनी भांडी वितळवता, त्यात शिसं असते. उघड्या जखमेत शिसं गेलं तर?"

"गेलं तर गेलं! पाय तर कापूनच राहिले न ते. कापलेल्या पायाले शिसं काय करते?"

 जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती, दोघं भिंतीला चिकटून उभे होते.

"शिसं पायातच थांबते का? रक्तात जाते ते," ती शेवटी म्हणाली. "मले एक दिवस दे. मी आजच एक तपासणी लावते. नुसत्या अगरवर नाई, रक्तातल्या पाण्यावर. तिथं जर हे जंतू मेले तर मी स्वतः डॉक्टरसाहेबांच्या पाया पडून सांगीन, का लावून पाहा म्हणून. नाई मेले तर तू हा विषय सोडशीन. कबूल?"

 शालिकरामनं नुसती मान हलवली. ती होकाराची होती असं चारुशीलानं धरलं.

दुपारी कॉलेजात परत येऊन ती कामाला बसली. प्रयोगशाळेच्या थंड कपाटात मेंढीच्या रक्तापासून वेगळं केलेलं पिवळसर पाणी होतं. निम्म्या बशांच्या अगरमध्ये तिनं ते मिसळलं, निम्म्या तशाच ठेवल्या. सगळ्यांवर आईच्या पायातले जंतू सारखे पसरले, सगळ्यांत भट्टीवरचीच भुकटी भरली. काम करताना तिच्या मनात सारखं येत होतं, की आपण नक्की काय मागतोय? वर्तुळ पडलं तर पाय वाचण्याची शक्यता होती. पण मग आपणच नेलेली, कशाकशाची भेसळ असलेली ती राख आईच्या जखमेत घालायची होती. वर्तुळ नाही पडलं तर परवा पाय जाणार होता. तिनं बशा इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि दार लावून घेतलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती बराच वेळ तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शिपाई कॉलेजचं दार उघडतो तेव्हाच ती पोचली.

साध्या अगरच्या बशांत कालच्यासारखीच स्वच्छ वर्तुळं होती. रक्तातलं पाणी मिसळलेल्या बशांत वर्तुळ नव्हतंच. पिवळा थर भुकटीच्या अगदी अंगाला भिडला होता. तिनं बशी फिरवून पाहिली, भिंग लावून पाहिलं, दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तेच. रक्तातलं काहीतरी त्या कणांना चिकटत होतं, त्यांना गुंडाळून टाकत होतं, आणि जंतू निवांत वाढत होते.

तिला रडू आलं नाही. तिला आधी शालिकराम आठवला. त्याची कालची मान नक्की कशी हलली होती?

तिनं रिक्षा केली आणि इतवारीत गेली. सकाळच्या हातगाड्यांनी गल्ली तुंबली होती, म्हणून अर्ध्यातच उतरून चालत कारखान्यात पोचली. भट्टी पेटलेली होती, पण भट्टीवर दुसराच माणूस होता. मालक ताराचंद तिला ओळखत होता.

"शालिकराम? आज आलाच नाही बाई तो. काल भट्टी थंड झाल्यावर सारं आढं झाडून काढलं त्यानं. मंग कोठीत दार-खिडकी लावून बसला, मलमलीच्या फडक्यातून ते पांढरं चाळत. हवेनं उडते म्हणे. मी म्हटलं, अरे, दम कोंडन तुहा. ऐकते का तो? तुमीच मागितलं म्हणाला, कालेजासाठी."

 तिनं काहीच मागितलं नव्हतं.

इतवारीपासून धंतोलीपर्यंतचा रस्ता तिला संपता संपेना. रिक्षावाल्याला ती दोनदा म्हणाली, "जरा जोरात घ्या ना भाऊ." दवाखान्याच्या पायऱ्या ती धावत चढली, आणि व्हरांड्यात थबकली. बाकावर शालिकराम बसला होता, म्हणजे जवळजवळ लवंडलाच होता. अंगावर घोंगडी होती तरी दातावर दात वाजत होते. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. केसांत, कानांच्या पाळ्यांमागे, भुवयांवर पांढरी पूड बसली होती.

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. भाजत होतं.

"दादा! कधीपासून आहे हे?"

"रातीपासून... थंडी वाजून राहिली. तोंड कसंतरी गोडं गोडं लागते." त्याचे डोळे वर जात होते.

"दादा, माह्याकडे पाह. तू आईले लावलं का?"

 तिनं त्याला खांद्याला धरून हलवलं. "लावलं का?"

"लावलं," तो म्हणाला. "सकाळी. नर्सबाई चहाले गेली तवा."

चारुशीला खोलीत गेली. तुळजाबाई जाग्या होत्या. मुलीला पाहून त्यांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आली का वं? शालिकनं लावलं तू धाडलेलं औषध. लई आग झाली पहिले. मी म्हटलं, चारूनं दिलं म्हणजे विचार करूनच दिलं असन. दात दाबून घेतले मंग."

चारुशीला पलंगाच्या कडेला टेकली. तिच्या नावावर आईनं पाय पुढं केला होता. शालिकरामला माहीत होतं की दुसऱ्या कोणाच्या नावावर ती करणार नाही.

तिनं पायावरची पट्टी हळूच उचलली. जखमेत चुन्यासारखा पांढरा लगदा भरला होता. त्याच्या कडेनं पू झिरपत होता, आणि कालपर्यंत बोटांवर असलेला काळसर रंग पावलाच्या मधोमध आला होता. तो भुकटीनं आला की आपल्या गतीनं आला, हे तिला कळायला मार्ग नव्हता. आणि बाहेर तिचा भाऊ त्याच भुकटीनं तापला होता. धडधाकट माणसाच्या छातीत जाऊन ती एवढं करते, तर आईच्या रक्तात काय करेल?

ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. समोर रोगी बसला होता, तरी थांबली नाही.

"डॉक्टरसाहेब, माझ्या भावानं आईच्या जखमेत भट्टीवरची जस्ताची राख भरली आहे. त्यात शिसं असू शकतं. त्याला ही कल्पना माझ्या प्रयोगामुळे सुचली. आणि तो स्वतः तापानं फणफणत बाहेर बाकावर आहे."

 डॉक्टर वझलवार खुर्ची मागे सारून उठले. आधी व्हरांड्यात येऊन त्यांनी शालिकरामची छाती तपासली, जीभ पाहिली, काल काय काम केलं ते विचारलं.

"वेल्डिंग करणाऱ्यांना असाच ताप येतो, जस्ताचा पत्रा जाळला की," ते चारुशीलाला म्हणाले. "इतकी बारीक पूड थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. बहुतेक उद्यापर्यंत उतरेल. श्वासाकडे मात्र लक्ष ठेवावं लागेल. पण जखमेतून ती काय करते, ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे?"

"नाही."

"मग धुऊन काढू. यमुताई, सलाइन आणा, भरपूर. चिमटे उकळून आणा." मग आवाज न चढवता ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. असलं काही मनात होतं तर मला कालच सांगायला हवं होतं."

"हो," चारुशीला म्हणाली. "सांगायला हवं होतं."

जखम धुवायला फार वेळ लागला. भूल देऊन वेळ घालवायची डॉक्टरांची तयारी नव्हती, आणि तो लगदा मांसाच्या फटीफटीत बसला होता. नर्स यमुताई धार सोडत होत्या, डॉक्टर चिमट्यानं खरवडत होते. तुळजाबाईंनी मुलीचा हात धरला होता. त्या ओरडल्या नाहीत. नुसती त्यांची बोटं आवळत गेली, इतकी की चारुशीलाची बोटं पांढरी पडली.

"काहून काढून राहिले हे?" मधेच त्यांनी विचारलं. "औषध होतं न?"

चारुशीलाला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही.

"औषध नव्हतं आई. मी पाठवलं नव्हतं. दादानं आपल्या मनानं आणलं. तुहा पाय वाचावा म्हणून."

तुळजाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "माह्यासंगं खोटं बोलला तो." एवढंच. पाय धुऊन संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचा विचार सोडून दिला. काळेपणा वर सरकला होता आणि तुळजाबाईंना बारीक ताप चढू लागला होता. त्याच दुपारी त्यांना आत नेलं. चारुशीलानं कागदावर सही केली. शालिकरामला एका रिकाम्या पलंगावर निजवलं होतं. त्याच्या छातीचा आवाज वाढत होता. चारुशीला कधी त्याच्याजवळ जाऊन श्वास मोजायची, कधी बंद दाराजवळ येऊन उभी राहायची. दोघांपैकी कोणापाशी थांबावं हे तिला ठरवता येत नव्हतं. शालिकराम तापात बडबडत होता. मधेच त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "वाचला का पाय?" तिनं त्याला पाणी पाजलं.

ऊन उतरलं तेव्हा दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. पाय घोट्याच्या वरून गेला होता. नाडी चांगली होती.

शालिकरामचा ताप दुसऱ्या दिवशी सकाळी घाम येऊन उतरला. चारुशीला त्याच्यासाठी चहा घेऊन आली तेव्हा तो पलंगावर उठून बसला होता. कोणीतरी त्याला आईचं सांगितलं होतं. तो चहाला हात लावेना.

"मी केलं न हे?" तो म्हणाला. "माह्या भुकटीनंच चढलं न ते वर?"

चारुशीलानं कप खाली ठेवला. भावावरचा राग अजून निवला नव्हता. काल दिवसभर तिनं मनातल्या मनात त्याला काय काय सुनावलं होतं. ते सगळं आता बोलता आलं असतं.

"चढवलं का नाई, ते मले सांगता येत नाई," ती म्हणाली. "पण त्या भुकटीनं पाय वाचत नव्हता, हे मी पाहिलं. काल सकाळी, तुले भेटाच्या आधी. रक्ताच्या पाण्यात तिचा काहीच जोर चालत नाई. जंतू तिले चिकटून वाढले. तू लावली नसती तरी पाय जाणारच होता, दादा."

"खरं सांगून राहिली?"

"खरं. मी नाई तुह्यासारखी दुसऱ्याचं नाव घेऊन बोलत."

शालिकरामनं मान खाली घातली. मग तो तोंडावर टॉवेल धरून रडला, खोकल्याची उबळ येईपर्यंत. चारुशीलानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तुळजाबाई सावरल्या, पण मुलाशी बोलेनात. तो रोज कामावरून सुटला की दवाखान्यात यायचा, दाराशी बसायचा. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. पाणी हवं असलं तरी यमुताईंना हाक मारायच्या. चारुशीलानं एकदोनदा मध्ये पडून पाहिलं. "त्याचं अन् माहं आहे ते," असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं.

कॉलेजात चारुशीलानं भट्टीवरचा डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाकातोंडाला फडकं बांधल्याशिवाय उघडू नये.' काम तिनं सोडलं नाही. रक्तातलं नेमकं काय त्या कणांना गुंडाळून टाकतं, हे आता तिला शोधायचं होतं. त्याला किती वर्षं लागतील ते तिला माहीत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर डॉक्टरांनी तुळजाबाईंना घरी न्यायला सांगितलं. टाके सुकले होते, साखर आटोक्यात होती. दवाखान्यासमोर सायकलरिक्षा उभी राहिली. वॉर्डबॉयनं त्यांना चाकाच्या खुर्चीतून पायऱ्यांपर्यंत आणलं. पुढं चार पायऱ्या उतरायच्या होत्या आणि रिक्षाची बैठक उंच होती. वॉर्डबॉय वाकला, तशी तुळजाबाईंनी त्याला हातानं थांबवलं.

शालिकराम रिक्षाजवळ गाठोडं धरून उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती.

तुळजाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. वाळून गेला होता, गळ्याभोवती मफलर होता, अजून मधूनमधून खोकत होता.

"काय पाहून राहिला गा तिथून?" त्या म्हणाल्या. "ठेव ते गाठोडं. उचल न मले."

शालिकराम पुढं झाला. त्यानं आईला दोन्ही हातांवर घेतलं, आणि तुळजाबाईंनी त्याच्या गळ्यात हात टाकून त्याच्या खांद्यावर मान ठेवली.